कॉकपिटचं दार कुणासाठी उघडतं?

प्रश्न : १९८०च्या सुमारास आई-वडिलांबरोबर मुंबईहून लंडनला जाताना कॅप्टनने मला चक्क कॉकपिटमध्ये बोलावलं होतं. परवा नातवाला घेऊन पुण्याहून दिल्लीला निघालो, तेव्हा ‘याला जरा कॉकपिट दाखवता का?’ असं विचारलं, तर हवाई सुंदरीने हसून नकार दिला. पुढे वैमानिक स्वच्छतागृहात जायला बाहेर आला, तर तिने वाटेत ट्रॉली आडवी लावली आणि दुसरी मुलगी आत जाऊन बसली. हा काय प्रकार? आणि आम्हाला बंदी, मग वैमानिकांच्या ओळखीचे लोक आत बसल्याच्या बातम्या कशा येतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही आत गेलात तेव्हा ते दार अगदी साधं, हलकं असायचं. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेत चार विमानांचं अपहरण झालं आणि हे चित्र पालटलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ नोव्हेंबर २००३पासून साठहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांना मजबूत दार सक्तीचं केलं. हे दार बंदुकीच्या गोळीने भेदलं जात नाही, धक्के मारून तुटत नाही आणि आतून कुलूपबंद राहतं.

पण लहान मुलांना आत नेण्यातला धोका त्याच्याही आधी दिसला होता. २३ मार्च १९९४ला एअरोफ्लोतचं एअरबस ए-३१० मॉस्कोहून हाँगकाँगला चाललं होतं. रात्रीची वेळ, विमान ऑटोपायलटवर. कॅप्टनची दोन मुलं प्रवासी म्हणून बरोबर होती. बापाने आधी मुलीला आणि मग पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या आसनावर बसवलं. मुलाने सुकाणू थोडं जोर लावून धरून ठेवलं आणि अर्ध्या मिनिटात ऑटोपायलटचा एकच भाग, विमानाचं डावी-उजवीकडे कलणं सांभाळणारा, गुपचूप सुटला. त्यासाठी भोंगा वाजत नव्हता, नुसता एक दिवा लागायचा. आवाजी इशाऱ्यांची सवय असलेल्या त्या वैमानिकांच्या तो ध्यानातच आला नाही. विमान कलतंय हे पहिल्यांदा ओळखलं ते त्या मुलानेच! तोवर उशीर झाला होता. सायबेरियात विमान कोसळलं आणि आतले सर्व ७५ जण गेले. त्यामुळे तुमच्या नातवाला मिळालेला नकार मनाला लावून घेऊ नका.

आता त्या ट्रॉलीचं. दार कितीही भक्कम असलं, तरी वैमानिक बाहेर येताना ते काही क्षण उघडावंच लागतं. तेवढ्या वेळात कुणी पुढे धावू नये म्हणून ट्रॉलीचा आडोसा. आत जायचं असेल तर केबिन क्रू आधी इंटरकॉमवर बोलते, मग दाराजवळच्या छोट्या कळफलकाचं बटण दाबते. आत आवाज होतो. वैमानिक दाराच्या भिंगातून किंवा कॅमेऱ्यातून बघतो, मगच खटका सोडतो. आतून उत्तरच आलं नाही तर एक आणीबाणीचा आकडाही असतो. तो दाबला की आत भोंगा वाजत राहतो आणि ठरावीक वेळाने कुलूप काही सेकंदांपुरतं सुटतं. दहशतवाद्याने धमकावून तो आकडा वदवून घेतला तर? म्हणून आतल्या वैमानिकाला ‘लॉक’ करण्याची सोय ठेवली. तसं केलं की बाहेरचा कळफलक काही मिनिटं निकामी होतो.

इथेच मोठी मेख होती. २४ मार्च २०१५ला जर्मनविंग्सचं विमान बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जात असताना कॅप्टन स्वच्छतागृहात गेला आणि सहवैमानिकाने दार आतून लॉक केलं. कॅप्टन दार ठोठावत राहिला, ते तोडायचाही प्रयत्न केला. सहवैमानिकाने विमान मुद्दाम खाली आणून आल्प्स पर्वतावर आदळवलं. १५० जणांचा जीव गेला. बाहेरच्या शत्रूसाठी केलेला बंदोबस्त आतल्या माणसाच्या कामी आला.

यातली दुसरी बाजू आपल्या जवळची आहे. २६ मे २०१०, मंगळूरच्या विमान अपघाताला जेमतेम चार दिवस झालेले. एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ दुबईहून पुण्याला येत होतं. कॅप्टन स्वच्छतागृहात गेला. सहवैमानिक आपलं आसन पुढे-मागे करत असताना त्याच्याकडून सुकाणूचा दांडा पुढे दाबला गेला आणि विमानाने नाक खाली घातलं. तो गांगरला, त्याला दारही उघडता येईना. कॅप्टनने आणीबाणीचा आकडा वापरून आत शिरून विमान सावरलं, पण तोवर ते सुमारे सात हजार फूट खाली आलं होतं. पुण्याला ते सुखरूप उतरलं, म्हणून आज फारसं कुणाला आठवत नाही.

आता आत जाऊन बसलेल्या त्या मुलीचं काम ध्यानात येईल. तिला विमान चालवता येत नाही, तशी अपेक्षाही नाही. आतला एकटा वैमानिक बेशुद्ध पडला, गोंधळला किंवा त्याचं डोकं फिरलं, तर तिने दार उघडायचं. भारतात ही पद्धत जर्मनविंग्सच्या आधीपासून आहे. युरोपने २०१५च्या त्या अपघातानंतर तिची शिफारस केली आणि पुढच्याच वर्षी निर्णय विमान कंपन्यांवर सोडून दिला. आपल्याकडची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते.

ओळखीच्यांबद्दल तुम्ही अचूक बोट ठेवलंत. वैमानिकांच्या मागे एक जादा आसन असतं. तिथे तपासणीला आलेला अधिकारी, प्रशिक्षक अशी कामानिमित्त परवानगी मिळालेली माणसं बसतात. मित्रमैत्रिणींसाठी ते नसतं. २७ फेब्रुवारी २०२३ला दुबई-दिल्ली विमानात एका वैमानिकाने मैत्रिणीला आत बसवलं. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्याचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि एअर इंडियाला ३० लाखांचा दंड ठोठावला. त्याच वर्षी दिल्ली-लेह विमानातही तोच प्रकार! तिथे कॅप्टनचा परवाना वर्षभरासाठी गेला. लेहला डोंगरांमधून उतरताना वैमानिकाची कसोटी लागते. अशा मार्गावर पाहुणे घेऊन बसायची हौस म्हणजे शुद्ध बेजबाबदारपणा, त्यामुळे शिक्षा मुळीच जास्त वाटत नाही.

आत दोघेच असले तरी मनमोकळ्या गप्पांनाही मर्यादा असते. १९७४मध्ये अमेरिकेतल्या शार्लट शहराजवळ धुक्यात उतरताना एक विमान पडलं आणि सत्तरहून अधिक माणसं दगावली. वैमानिक जवळजवळ शेवटपर्यंत राजकारण आणि जुन्या मोटारींवर बोलत होते, हे ध्वनिमुद्रणातून कळलं. त्यातून १९८१मध्ये अमेरिकेत नियम झाला की दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही. आज तो जगभर पाळला जातो. चढताना-उतरताना केबिन क्रूही अगदी निकडीशिवाय आत फोन करत नाहीत.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर ८ मार्च २०२३ची, होळीच्या दिवशीची गोष्ट आठवा. दिल्ली-गुवाहाटी विमानात वैमानिकांनी मधल्या कन्सोलवर उघडा कॉफीचा पेला ठेवून गुजिया खाल्ल्याचा फोटो फिरला आणि दोघांना उड्डाणावरून उतरवलं गेलं. ‘एका कॉफीसाठी एवढं?’ असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. पण २०१९मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या एका एअरबसमध्ये कॅप्टनची कॉफी अशीच सांडली, कन्सोलवरचं संपर्काचं पॅनेल तापून धूर निघाला आणि विमान आयर्लंडला वळवावं लागलं. दारूबाबत तर आपला कायदा कडक आहे. उड्डाणाआधी बारा तास थेंबही नाही. श्वासचाचणीत पहिल्यांदा सापडला तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं परवाना निलंबित आणि तिसऱ्यांदा कायमचा रद्द.

नातवासाठी एक उपाय आहे. पुढच्या वेळी उड्डाणात विचारूच नका. विमान गेटला लागून इंजिनं बंद झाली आणि बाकीचे प्रवासी उतरले, की केबिन क्रूला विनंती करा. कॅप्टनला घाई नसेल तर बरेचदा तो हो म्हणतो. नाही म्हणाला तर वाद घालू नका, त्याला पुढच्या उड्डाणाची तयारी करायची असते. आणि आत गेल्यावर नातवाचे दोन्ही हात त्याच्याच खिशात राहतील एवढं बघा.