उपकारी जिवाणू आणि गोठ्यातले वासरू



लागणीच्या वेळी आपण ऊसबेणे ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात बुडवतो. हे जिवाणू उपकारी. जनावराच्या आतड्यातही असे जिवाणू असतात. विषाणूच्या रोगात त्यांचा उपयोग किती, हे डुकरांच्या उदाहरणावरून पाहू.

डुकरांची 'पीईडी' ही साथीची हगवण १९७१ साली इंग्लंडमध्ये प्रथम दिसली. २०१३ साली ती अमेरिकेत शिरली आणि वर्षभरात लाखो पिल्ले दगावली. हा विषाणू लहान आतड्यातले लवेसारखे अंकुर झडवतो. मग प्यालेले दूध पचत नाही, अंगातले पाणी जाते आणि आठवड्याच्या आतली बहुतेक पिल्ले दगावतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही; उलट उपकारी जिवाणूही मारते.

म्हणून शास्त्रज्ञ लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस असे जिवाणू डुकरांना खाद्यातून देऊन पाहतात. हे जिवाणू आतड्याच्या अस्तरावर आधी जागा धरतात, दह्याच्या विरजणासारखे आम्ल करून वाईट जिवाणूंना दाबतात आणि प्रतिकारशक्तीला चालना देतात. प्रयोगशाळेत गुण चांगला दिसतो, फार्मवर मात सगळीकडे सारखा येत नाही. रोग जडल्यावर नुसत्या जिवाणूंनी पिल्लू वाचत नाही. पिल्लाचे मुख्य रक्षण होते ते आईच्या दुधातून.

तुम्ही म्हणाल, "साहेब, आमच्या दारात डुकरं कुठं?" खरे आहे, पण वासरू आहे ना! पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वासरालाही रोटा विषाणूची हगवण लागते आणि आतड्याची नासाडी तशीच होते. म्हणून आमचे सांगणे :

१) चीक आधी वासराला, खरवस मागाहून. जन्मल्यापासून दोन तासांत पहिला चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पोटात जावा. चोवीस तासांनंतर चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात जात नाहीत.

२) जिवाणूंची पूड द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, वासरू धडधाकट असतानाच सुरू करावी. हगवण लागल्यावर धावपळ करून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

३) हगवण लागलेच तर वासरू वेगळे बांधावे, क्षार-साखरेचे पाणी पाजत राहावे, दूध एकदम तोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

बेणेप्रक्रिया लागणीआधीच करतात, ऊस वाळल्यावर नव्हे. वासराचेही तसेच आहे.