हुन्नर आपला, हक्क कोणाचा? : तीन पेटंटांपासून घ्यावयाचे धडे

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग असो, कोकणातील मासळीचा धंदा असो किंवा गल्लीतील लेथचे वर्कशॉप असो, आपल्या कारागीर बांधवांच्या हातून रोज काही ना काही सुधारणा होत असते. कोणी मागाला असा एक तुकडा बसवतो की धागा कमी तुटतो. कोणी भट्टीला अशी झडप लावतो की जळण वाचते. महिन्याभरात तीच सुधारणा शेजारच्या चार कारखान्यांत दिसू लागते आणि वर्षभरात एखादा मोठा कारखानदार ती आपल्या नावाने बाजारात आणतो. ज्याने डोके चालवले त्याच्या पदरात शाबासकीखेरीज काही पडत नाही. हे नशिबाचे फेरे आहेत असे समजून आपण गप्प बसतो. आमच्या मते हा नशिबाचा नसून माहितीचा प्रश्न आहे. म्हणून या लेखात आम्ही पेटंट या विषयाची ओळख करून देत आहोत. एक उदाहरण खाद्यपदार्थांचे, एक कापडाचे आणि एक संगणकाच्या तारेचे, अशी तीन खरी उदाहरणे त्यासाठी निवडली आहेत.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा शोधकर्ता आणि सरकार यांच्यातील एक सौदा आहे. शोधकर्त्याने आपली युक्ती कागदावर इतकी स्पष्ट लिहून द्यायची की त्या विद्येचा दुसरा जाणकार ती वाचून करू शकेल. त्या बदल्यात सरकार त्याला ठराविक मुदतीपर्यंत हक्क देते की त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी ती वस्तू बनवू नये, वापरू नये, विकू नये. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते.

उस्तादाने शागीर्दाला छातीशी धरून ठेवलेला नुस्खा आणि पेटंट यांत हाच फरक आहे. नुस्खा गुप्त राहील तोवरच आपला. जी वस्तू विकत घेऊन, खोलून, पाहून नक्कल करता येते, तिथे गुप्ततेचा उपयोग नाही. तिथे पेटंट कामाचे. उलट मसाल्याचे प्रमाण चाखून कोणाला नेमके सांगता येत नसेल तर ते गुप्त ठेवणेच शहाणपणाचे, कारण पेटंट घेतले की ते जाहीर करावे लागते.

पहिला धडा : थंडी सर्वांची, यंत्र एकाचे

क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतर काही वर्षे कॅनडाच्या लॅब्राडोर भागात राहिला. तेथील मूळ रहिवासी इन्यूट लोक कडाक्याच्या थंडीत मासा पकडत आणि बाहेर काढताच तो काही क्षणांत गोठून जाई. महिन्यांनंतर वितळवून शिजवला तरी त्याची चव ताज्या माशासारखी लागे. याउलट त्या काळी शहरात मिळणारा गोठवलेला मासा वितळला की लिबलिबीत होई.

कारण साधे आहे. मासा हळूहळू गोठला तर त्याच्या आतील पाण्याचे मोठे मोठे स्फटिक बनतात. ते मांसाच्या पेशी फोडतात आणि वितळताना सर्व रस गळून जातो. झटपट गोठवला तर स्फटिक बारीक राहतात आणि पेशी शाबूत राहतात.

बर्ड्सआयने थंडीचे पेटंट घेतले नाही. निसर्गाच्या नियमाचे पेटंट कोणाला मिळत नाही. मासा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचा आणि ते खोके दोन अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबून झटपट गोठवायचे, ही पद्धत व हे यंत्र त्याने शोधले आणि त्याचे पेटंट घेतले. त्याची पहिली कंपनी १९२४ मध्ये बुडाली होती. तरी त्याने मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात पुन्हा काम उभे केले. १९२९ मध्ये त्याचा धंदा २ कोटी २० लाख डॉलरना विकला गेला. त्यातील २ कोटी पेटंट व त्यासंबंधीच्या हक्कांचे होते. इमारती, यंत्रे व इतर मालमत्तेचे फक्त २० लाख. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातील १८ दुकानांत हा माल प्रथम किरकोळ विक्रीस आला. आज आपल्या किनाऱ्यावरील कोळंबी-मासळी निर्यातीच्या कारखान्यांत जे प्लेट फ्रीजर दिसतात ते याच तत्त्वावर चालतात.

यातून घ्यायचा धडा असा : हक्क नुसत्या कल्पनेवर मिळत नाही, ती प्रत्यक्षात आणण्याच्या नव्या पद्धतीवर मिळतो. आणि कागदावरचा हा हक्क कधी कधी कारखान्याच्या दहापट किमतीचा ठरतो.

दुसरा धडा : पेटंट संपते, नाव राहते

लहान मुलांच्या बुटाला, स्कूलबॅगेला, ब्लडप्रेशर मोजण्याच्या पट्ट्याला जी चर्रकन उघडणारी चिकटपट्टी असते तिला आपण सारे वेल्क्रो म्हणतो. तिचा शोध स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या अभियंत्याने लावला. १९४१ मध्ये तो कुत्र्याला घेऊन शिकारीला गेला असता गोखरूसारखी काटेरी बोंडे त्याच्या कपड्यांना व कुत्र्याच्या केसांना चिकटली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्या काट्यांच्या टोकाला बारीक आकडे दिसले. एका पट्टीवर असे आकडे आणि दुसरीवर धाग्याचे फासे असले तर दोन्ही एकमेकांना धरून ठेवतील, हे त्याच्या ध्यानात आले.

आपल्या विणकर बांधवांनी पुढचा भाग लक्षपूर्वक वाचावा. कल्पना सुचली तरी वस्तू तयार होईना. फ्रान्समधील लियों हे विणकामाचे जुने केंद्र. तेथील एका विणकराने त्याला सुती पट्टी विणून दिली, परंतु सुताचे आकडे लवकर झिजत. मग नायलॉन वापरून पाहिले. नायलॉनचा फासा उष्णता देऊन विणला तर त्याचा आकार कायम राहतो आणि तो एका बाजूने कापला की मजबूत आकडा तयार होतो. हे काम यंत्रावर बसवण्यात वर्षे गेली. अमेरिकेत पहिले पेटंट १९५५ मध्ये मिळाले आणि सुधारित रचनेचे १९६१ मध्ये. त्या काळच्या तेथील नियमानुसार पेटंट मंजुरीपासून १७ वर्षे चाले, म्हणून १९७८ मध्ये मुदत संपली आणि अनेक देशांतील कारखाने ही पट्टी बनवू लागले.

परंतु 'वेल्क्रो' हे नाव आजही त्या एकाच कंपनीचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. पट्टी कोणीही बनवावी, मात्र तिच्यावर ते नाव छापून विकू नये. व्यापारचिन्हाची नोंदणी आपल्याकडे १० वर्षांची असते आणि फी भरून ती पुन्हा पुन्हा वाढवता येते.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक म्हणजे पेटंट चालू आहे तोवर मालाचे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसवा आणि त्याची नोंद करा. दुसरी अशी की मुदत संपलेली पेटंटे म्हणजे सर्वांसाठी खुला खजिना आहे. त्यांतील यंत्रे व पद्धती कोणीही वापराव्यात, त्यात चोरी नाही.

तिसरा धडा : थोडे घेऊन पुष्कळ मिळवणे

दुकानातील बिलाचा संगणक, आतल्या खोलीतील दुसरा संगणक आणि प्रिंटर हे ज्या तारेने जोडतात त्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये तिची कल्पना लिहून काढली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ती उभी केली. अडचण अशी होती की एकाच तारेवर अनेक संगणक एकदम 'बोलू' लागले तर गोंधळ होतो. उपाय मजलिशीच्या अदबीसारखा आहे. आधी ऐका की कोणी बोलत आहे का. तार मोकळी असेल तर बोला. चुकून दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबावे आणि प्रत्येकाने वेगवेगळा थोडा वेळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करावा. झेरॉक्सने मार्च १९७५ मध्ये अर्ज केला आणि १३ डिसेंबर १९७७ रोजी चार संशोधकांच्या नावे पेटंट मंजूर झाले.

आता व्यापाराची चाल पाहा. झेरॉक्सने पेटंट कुलूपबंद ठेवले नाही. १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट आणि इंटेल या दोन कंपन्यांना सोबत घेऊन तिने या पद्धतीचे सर्व नियम प्रसिद्ध केले आणि १००० डॉलर इतक्या मामुली एकरकमी फीवर परवाना देऊ केला. १९८३ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती पद्धत प्रमाण म्हणून मान्य केली. अनेक कारखाने तिचा माल बनवू लागले, किमती उतरल्या आणि प्रतिस्पर्धी पद्धती मागे पडल्या. स्वतः मेटकाफ यांनी १९७९ मध्येच थ्रीकॉम ही कंपनी काढली होती. तिने याच मालावर मोठा धंदा केला.

म्हणजे पेटंटाचा उपयोग फक्त दुसऱ्याला अडवण्यासाठी नसतो. परवाना देऊन दहा कारखान्यांकडून थोडे थोडे घेता येते. ज्याच्याजवळ भांडवल नाही अशा कारागिराला तर हाच मार्ग जवळचा.

जुने ज्ञान कोणाच्या नावावर?

येथे हळदीचा खटला आठवावा. जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. आमच्या घरी आजीच्या काळापासून हळद लावतात, एवढे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून द्यावे लागले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यानंतर भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारला. त्यात आयुर्वेदाबरोबर अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांतील युनानी नुस्खेही नोंदले आहेत, जेणेकरून परदेशातील तपासनिसाला ते वाचता यावेत. आपल्या हकीमसाहेबांच्या घरी जुन्या बयाजा पडून असतील तर त्या वाळवीच्या हवाली करू नयेत, एवढे यावरून समजावे.

आपला कायदा थोडक्यात

भारताचा पेटंट कायदा १९७० चा. त्यात पूर्वी खाद्यपदार्थ व औषध यांच्या केवळ कृतीला पेटंट मिळे. १ जानेवारी २००५ पासून पदार्थालाही मिळू शकते. शोध नवा असावा, त्या विद्येच्या जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा आणि उद्योगात वापरता यावा, या तीन अटी आहेत. माहीत असलेले पदार्थ नुसते एकत्र मिसळणे, जुनी यंत्रे केवळ शेजारी शेजारी मांडणे, पारंपरिक ज्ञान, शेतीची पद्धत आणि नुसता संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही.

हुन्नर परंपरेचा असेल तर दुसरे दरवाजे आहेत. पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो हक्क एका माणसाचा नसून त्या भागातील सर्व कारागिरांचा असतो. वस्तूचे नवे रूप वा नक्षी असेल तर डिझाइन नोंदणी करता येते. ती १० वर्षांची असून आणखी ५ वर्षे वाढते.

आता करावयाचे काय?

१) अर्ज करण्यापूर्वी शोध कोणाला दाखवू नका. बाजारात विकलात, जत्रेत मांडलात किंवा वर्तमानपत्रात छापून आणलात तर तो 'नवा' राहत नाही. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण प्रत्येक प्रदर्शन त्यात मोडत नाही. व्यापाऱ्याला दाखवणे भागच असेल तर गुप्ततेचा लेखी करार आधी करा.

२) वही ठेवा. तारीख, आकृती, काय केले, काय फसले हे सर्व लिहा. वकिलाला अर्ज लिहिताना तीच वही कामी येते.

३) आधी शोध घ्या. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे फुकट पाहता येतात. जे आधीच झाले आहे त्यावर पैसा घालवू नये.

४) काम अपुरे असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख राखून ठेवता येते. मात्र १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो, नाहीतर तो सुटला. साधारणपणे १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तिची मुदत ३१ महिने आहे. पुष्कळ अर्ज ही विनंती न केल्यामुळेच वाया जातात.

५) फीला घाबरू नका. व्यक्ती व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आणि तपासणीची ४००० रुपये आहे. एजंटाची फी वेगळी. ती आधी ठरवून घ्या. महाराष्ट्राचे काम मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात चालते.

६) पेटंट त्या त्या देशापुरते असते. जे परदेशी पेटंट भारतात घेतलेले नाही, ते येथे वापरण्यास अडथळा नाही. पण तो माल ज्या देशात पेटंट आहे तेथे पाठवू नये. आपलाही माल बाहेर जाणार असेल तर तेथे वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तो वेळेत.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट. प्रत्येक सुधारणेसाठी पेटंट घेणे परवडत नाही. दरवर्षीचे नूतनीकरण असते, आणि नक्कल करणाऱ्यावर दावा आपल्यालाच लावावा लागतो. म्हणून आधी हिशेब मांडा : ही वस्तू किती वर्षे विकली जाईल, नक्कल किती सोपी आहे, परवाना घेणारा कोणी आहे काय? हिशेब जुळला तर दिरंगाई करू नका, कारण एकाच शोधाचे दोन अर्ज आले तर ज्याची तारीख आधीची त्याचा हक्क धरला जातो. आमची कारागीर बांधवांना विनंती आहे की मुलगा शाळा-कॉलेजात शिकत असेल तर त्याला या कामात हाताशी घ्या. हाताचा हुन्नर वडिलांनी द्यावा आणि त्याचा कागद मुलाने करावा. दोन्ही एका घरात आले तर कमाई दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही.