ओतणे आणि आठवणे : बेनिनची धातुकला

बेनिन हे नाव घेतले की नकाशात चूक होण्याचा संभव फार. आज बेनिन या नावाने ओळखले जाणारे प्रजासत्ताक म्हणजे पूर्वीचे दाहोमी. त्याने हे नाव १९७५ साली घेतले. आपल्याला ज्या बेनिनचा विचार करावयाचा आहे, ते त्याच्या पूर्वेस, नायजेरियाच्या दक्षिण भागात, एडो भाषा बोलणाऱ्या लोकांचे जुने राज्य होय. तेथील राजाला ‘ओबा’ म्हणतात. राज्य गेले तरी गादी आहे. २०१६ साली गादीवर आलेले दुसरे एवुआरे हे सध्याचे ओबा.

बेनिन शहरात इगुन नावाची एक गल्ली आहे. आपल्याकडे जशी तांबट आळी वा कासार आळी, तशीच ही ओताऱ्यांची आळी. ओगुओला नावाच्या ओबाने इफे या पवित्र नगरीहून इगुएघा नावाचा कारागीर आणविला आणि त्याच्यापासून ही विद्या बेनिनमध्ये रुजली, अशी परंपरागत कथा आहे. ही कला पिढीजात. बापाकडून मुलाकडे जायची. शतकानुशतके हे ओतारी केवळ राजासाठी काम करीत. ओबाच्या आज्ञेवाचून पितळ ओतण्याची कोणाला मुभा नव्हती.

त्यांची पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. बस्तरचे ढोकरा काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती लगेच कळेल. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाच्या साच्याची हीच रीत वर्णिलेली आहे. मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावी याचे प्रमाणसुद्धा तेथे दिले आहे. दोन्हीकडच्या कारागिरांचा एकमेकांशी संबंध आला असे मात्र यावरून कोणी समजू नये.

इगुनचा ओतारी प्रथम मातीचा गाभा करतो व तो वाळवितो. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचा थर चढवून नाक, डोळे, गळ्यातील पोवळ्यांच्या माळा असे सारे काही मेणातच घडवितो. बारीक नक्षीसाठी मेणाच्या दोऱ्या वळून बसवितो. या मेणमूर्तीवर आधी अगदी तलम, पातळ चिखलाचा हात देतात, कारण बोटाचा ठसासुद्धा उमटला पाहिजे. मग जाड मातीचे लेप. रस आत जाण्यासाठी वाट ठेवलेली असते. साचा तापविला की मेण वितळून निघून जाते, आणि जी पोकळी उरते तिच्यात वितळलेले पितळ ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच वस्तू निघते. ती बिघडली तर सारे काम पहिल्यापासून. रस कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच थिजला, तर तेथे भोक राहते. जुन्या पट्टिका उलट्या करून पाहिल्या तर अशी भोके पुन्हा धातू ओतून बुजविल्याच्या खुणा दिसतात. मला स्वतःला पुढच्या बाजूच्या थाटापेक्षा मागच्या या ठिगळांतच तो कारागीर अधिक भेटतो.

या वस्तूंना जगभर ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात, पण त्यांतील बऱ्याचशा काशाच्या नसून पितळेच्या आहेत, आणि हस्तिदंताच्या वस्तूही याच नावाखाली दडपल्या जातात. नाव एकदा रूढ झाले की ते बदलत नाही.

आता मुख्य गोष्ट. एडो भाषेत ‘आठवणे’ या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्याची फोड केली तर अर्थ निघतो ‘आकृती धातूत ओतणे’. हा शब्दखेळ नव्हे, व्यवहार आहे. नवा ओबा गादीवर आला की आपल्या पित्याच्या स्मरणार्थ वेदी उभारी आणि तिच्यावर धातूची मस्तके ठेवी. मस्तकाच्या माथ्यावर भोक असते. त्यात कोरीव हस्तिदंत उभा करीत. सोळाव्या शतकातील ओबा एसिगी याने आपली आई इडिया हिच्यासाठी राजमातेचे पद निर्माण केले आणि तेव्हापासून राजमातांचीही मस्तके ओतली जाऊ लागली. सुरुवातीची मस्तके पातळ व हलकी, नंतरची जाड आणि वजनदार; ओतकामाच्या या फरकावरून अभ्यासक त्यांचा काळ ठरवितात.

पट्टिकांचे प्रयोजन निराळे. सोळाव्या-सतराव्या शतकांत त्या ओतल्या गेल्या आणि राजवाड्याच्या खांबांवर जडविल्या गेल्या. डच लेखक ओल्फर्ट डॅपर याने १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रांकित तांब्याने मढविलेल्या खांबांचे वर्णन आहे, जरी तो स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता. पट्टिकांवर ओबा आहे, त्याचे सरदार आहेत, बिबट्या आहे, लांब केसांचे दाढीवाले पोर्तुगीज आहेत. पुष्कळ पट्टिका जोडीने ओतलेल्या. थोडक्यात, ज्या दरबारात लेखन नव्हते तेथे ही बखर होती.

या बखरीला लागलेले पितळ कोठून आले, याचे उत्तर मन अस्वस्थ करणारे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापारी बेनिनला पोचले. ते ‘मॅनिला’ नावाची पितळी कडी आणीत व त्यांच्या मोबदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसे नेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका रासायनिक अभ्यासावरून असे दिसते की ही धातू मुख्यतः जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातील होती. म्हणजे या शिल्पांत विकल्या गेलेल्या माणसांचीही किंमत मिसळलेली आहे. त्याच मुद्द्यावर अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांच्या एका गटाने २०२२ मध्ये शिल्पे नायजेरियाला परत देण्यास न्यायालयात हरकत घेतली होती. न्यायालयाने ती मानली नाही, पण प्रश्न खोटा ठरत नाही.

१८९७ च्या जानेवारीत, ‘आता येऊ नका, विधी चालू आहेत’ असा निरोप असतानाही एक ब्रिटिश पथक बेनिनकडे निघाले आणि वाटेत त्यातील बहुतेक मारले गेले. फेब्रुवारीत सूड म्हणून स्वारी झाली. १८ फेब्रुवारीला शहर पडले, मग आगीत राजवाडा जळाला. ओबा ओव्होन्रामवेनला कॅलाबार येथे हद्दपार केले. तेथेच १९१४ साली तो वारला. पट्टिका तत्पूर्वीच खांबांवरून उतरवून कोठारात ठेवलेल्या होत्या. त्या उचलताना कोणती कोठे होती, कोणती कोणाच्या जोडीची, हे कोणी लिहून ठेवले नाही. बखरीची पाने सुटी झाली आणि त्यांचे आकडे पुसले गेले. माझ्या मते लुटीचे सर्वांत मोठे नुकसान हेच. वस्तू परत आणता येते, क्रम परत आणता येत नाही.

त्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ३०० पट्टिका मांडल्या गेल्या. बाकीचा माल मोहिमेचा खर्च भागविण्यासाठी विकला गेला. बर्लिनच्या फॉन लुशान या पंडिताने चेल्लिनीलाही याहून सरस ओतकाम साधले नसते, असा अभिप्राय दिला. पुढे १९५० ते १९७२ या काळात ब्रिटिश म्युझियमने तीसहून अधिक पट्टिका ‘दुबार प्रती’ म्हणून विकून टाकल्या. जोडीतील दुसरी पट्टिका ही दुबार प्रत! हे म्हणजे जोड्यातला एक जोडा जास्तीचा म्हणून विकण्यासारखे झाले.

१९७७ साली लागोस येथे भरलेल्या आफ्रिकी कला महोत्सवाचे बोधचिन्ह होते इडियाचा हस्तिदंती मुखवटा. ब्रिटिश म्युझियमने तो उसनाही दिला नाही. बेनिनच्या कारागिराने प्रतिकृती कोरून दिली. अलीकडे वारे बदलले आहेत. २०२१ साली केंब्रिजच्या जीझस कॉलेजने एक धातूचा कोंबडा परत केला. २०२२ मध्ये जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली. २०२५ च्या जूनमध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू धाडल्या. ब्रिटिश म्युझियमजवळ अजून नऊशेहून अधिक आहेत, आणि १९६३ च्या कायद्याकडे ते बोट दाखविते.

इतके होऊनही इगुन गल्लीतील भट्टी विझलेली नाही. १९१४ साली ओबा झालेल्या दुसऱ्या एवेकाने राजाव्यतिरिक्त इतरांनाही काम विकण्याची वाट मोकळी केली. आज तेथे जुने नळ, मोटारींचे रेडिएटर अशी मोड वितळवून पितळ काढतात. पर्यटकांसाठी इडियाची मस्तके ओतली जातात, काही निकृष्ट, काही थक्क करणारी. परदेशी संग्रहालयांच्या पाट्या वाचल्या तर मात्र हे लोक १८९७ साली संपले असेच वाटावे.

२०२१ साली बेनिनमधील कलावंतांच्या एका नव्या संघाने ब्रिटिश म्युझियमला देणगी देऊ केली. लुटलेले परत करा, त्याबदली आमचे आजचे काम ठेवा, असे त्यांचे म्हणणे. देऊ केलेल्या वस्तूंत बेनिनच्या इतिहासातील प्रसंग असलेली दोन मीटर लांब व तितकीच रुंद अशी धातूची पट्टिका होती. आणि शेजारी एक पुऱ्या आकाराचा मेंढा, नखशिखांत मोटारीच्या स्पार्क प्लगांचा केलेला.