स्वस्त रिव्हॉल्वर घेताना

लायसन्स हातात पडलं, आता हत्यार घ्यायचं आणि पैसे फार घालायचे नाहीत, असं तू म्हणालास. बरोबर आहे. छापाच्या कापडाची वसुली घेऊन रात्री इंदूरहून भैरवगढला परतणाऱ्याची धास्ती मला कळते. जन्म शस्त्रागाराच्या नोकरीत गेला, तेव्हा काकाचं ऐकून घे.

चौकात तुझ्या कानाशी जे कुजबुजलं गेलं, ते आधी निकालात काढू. खरगोनकडचं सिगनूर, चोपड्याच्या सीमेलगतचं उमर्टी, इकडून येणारा गावठी माल दिसायला पिस्तुलासारखाच असतो. घडवणाऱ्या हातांत कसब असतं, ते मी नाकारत नाही. पण नळीचं पोलाद कुठलं, ते नीट तापवून-विझवून कडक केलं होतं का, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कारखान्यातलं हत्यार नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासतात आणि मगच त्यावर ठसा बसतो. गावठी मालाची पहिली परीक्षा घेणाऱ्याच्या हातातच होते, आणि नळी फुटली तर बोटं त्याचीच जातात. वर कायदा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच. तुझं लायसन्स तिथं कामाला येत नाही, ते फक्त त्यावर नोंदलेल्या हत्याराचं असतं. आपल्या सेंट्रल जेलच्या दारात मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या आया तू लहानपणापासून बघतोयस.

आता रीतसर स्वस्त माल. २०१४मध्ये कानपूरचं ‘निर्भीक’ आलं, .३२ बोअरचं, अर्ध्या किलोचं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पाठोपाठ ईशापूरचं ‘निडर’ आलं, .२२चं, पाव किलोचं आणि पस्तीस हजारांच्या घरातलं. साहजिकच तुझा डोळा दुसऱ्यावर आहे. माझं मत .३२कडे झुकतं. पाव किलोचं हत्यार खिशात सुखाचं, पण नेम धरताना हातात ठरत नाही. शिवाय .२२च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो कुठे विरळ राहिला की काडतूस फुसकं निघतं. .३२ची टोपी बुडाच्या मधोमध असते, ती जास्त भरवशाची.

स्वस्त रिव्हॉल्वर घेतलेले बहुतेक जण दोन गोष्टींनी कुरकुरतात: चाप जड आणि कडा खरबरीत. या दोन्ही चालवून घे. जड चापाची बोटाला सवय होते. न चालवून घेण्याची गोष्ट वेगळीच आहे. दुकानात सिलिंडर रिकामा असल्याची दोनदा खात्री कर, मग घोडा हळू मागे ओढ. त्या स्थितीत सिलिंडर बोटाने हलवून बघ. जरासा हलला तर चालेल, डुगडुगला तर हत्यार परत ठेव. सिलिंडरमधल्या काडतुसाच्या प्रत्येक घराशी हेच करून बघ, एकावर थांबू नकोस. घर नळीसमोर नेमकं येत नसेल तर शिशाच्या किरच्या कडेने उडतात, शेजारी उभ्या माणसालाही लागतात. दुकानदार घाई करू लागला तर दुसरं दुकान गाठ.

स्वस्त म्हणजे नेहमीच रद्दी असं मात्र समजू नकोस. अमेरिकेत रेव्हन कंपनीने १९७०पासून जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव छोटी पिस्तुलं विकली आणि त्या जातीच्या मालाचं नाव खराब झालं. ओहायोचं हाय-पॉइंटही जस्ताचंच, पण त्यांनी सरकता भाग मुद्दाम जाडजूड ठेवला. हत्यार बोजड झालं, तरी चालतं.

काडतुसं खडकीची मिळाली तर घे. पुण्याचा तो कारखाना १८६९पासूनचा आहे. .३२ नावाची काडतुसं दोन प्रकारची असतात, रिव्हॉल्वरची वेगळी आणि पिस्तुलाची वेगळी. नुसतं ‘बत्तीस’ म्हणून मागू नकोस. महाग म्हणून लोक ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात, तसं करू नकोस. लायसन्सच्या मर्यादेत दरवर्षी थोडी रेंजवर उडव, त्याशिवाय हत्याराचा आणि स्वतःचा अंदाज येत नाही. काडतूस वाजलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांब, उशिरा पेटणारी काडतुसं असतात. तेल नळीला लाव, काडतुसांना नाही. टोपीत तेल झिरपलं की ती मरते. पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं आणि स्वस्त मुलाम्याखाली गंज लवकर शिरतो. लग्नाच्या वरातीत तर बाहेरच काढू नकोस. वरातीत बार उडवून लोकांचा जीव धोक्यात घालणं आता गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायचा हुकूम येईल. देताना नंबर टाकलेली पावती घे. परत मिळालं की तिथेच उजेडात धरून नळी बघ आणि घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी तेल दे.