दुकानाचा पॅन वेगळा काढायचा का? जीएसटी नंबर कधी घ्यायचा?

व्हिडिओत हा विषय जरा भराभर झाला, म्हणून इथं सावकाश लिहितोय. वाचताना आपलं पॅन कार्ड हातात घ्या.

त्यावर दहा अक्षरं-अंक आहेत. त्यातलं चौथं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा पॅन. ‘एफ’ म्हणजे भागीदारी फर्म, ‘सी’ म्हणजे कंपनी. तुम्ही एकटेच मालक असाल तर दुकानासाठी वेगळा पॅन मिळतच नाही, तुमचा आहे तोच दुकानाचा. ‘धंद्याचा दुसरा काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोडा. एका माणसाला दोन पॅन ठेवता येत नाहीत, दहा हजार रुपये दंड होऊ शकतो.

पण दोघा भावांनी कागद करून भागीदारी केली की फर्मचा नवा पॅन लागतो, आणि पॅन बदलला की जीएसटी नंबरही नवा. म्हणून ‘आधी माझ्या नावावर काढू, मग दाजींना आत घेऊ’ असं करू नका. धंदा कुणाच्या नावावर हे घरात बसून आधी ठरवा.

पॅन कधीच काढला नसेल तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आधारवरून ई-पॅन फुकट मिळतो. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, एवढंच.

आता जीएसटी. तो नंबर पंधरा जागांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढच्या दहा जागा म्हणजे तुमचाच पॅन. म्हणून तर पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं करून घ्या म्हणतो मी, स्पेलिंगसकट.

फक्त माल विकत असाल तर आपल्याकडं वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणीची सक्ती नाही. सेवा देत असाल, म्हणजे मोटार रिवाइंडिंग, मंडप, फोटो स्टुडिओ, तर २० लाख. ही मर्यादा नफ्याची नाही, विक्रीची आहे. आणि एका पॅनवरचं सगळं एकत्र मोजतात. बावड्यात पाइप-फिटिंगचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात पशुखाद्य, दोन्ही तुमच्याच पॅनवर, तर बेरीज करायची. पशुखाद्यावर कर नाही, पण त्याची विक्री मोजली जाते. इथं भलेभले चुकतात.

दुसरी गोष्ट, राज्याची हद्द. नीरा ओलांडून माल अकलूजला गेला तर जिल्हा बदलला, राज्य नाही. पण तोच माल विजापूरच्या गिऱ्हाईकाला पाठवला तर साधारणपणे पहिल्या बिलापासून नोंदणी लागते, ४० लाखांची सवलत तिथं चालत नाही. ऑनलाइन कंपन्यांच्या साइटवर माल विकायचा असेल तरी आधी नियम विचारून घ्या.

मग मर्यादेच्या आत असताना नंबर घ्यावा का? तुमचं गिऱ्हाईक स्वतः जीएसटीवालं असेल, त्याला कराचं क्रेडिट हवं असेल, तर घ्या. नुसती शेतकऱ्यांना किरकोळ विक्री असेल तर घाई नको. मी केली होती. विक्री मर्यादेच्या जवळपासही नव्हती, पण बोर्डावर नंबर असला की वजन पडतं असं वाटलं. फॉर्म भरून देणाऱ्यानं त्यात स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकला. मला वाटलं, नंबर मिळाला, काम झालं. विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि बीबीए झालेल्या मीही विचारलं नाही. नोटीस आली ती त्या ईमेलवर. एक दिवस होलसेलवाल्यानं बिल करताना नंबर टाकला आणि म्हणाला, “शेठ, तुमचा नंबर रद्द दाखवतोय.” चार गिऱ्हाईकांसमोर!

आज शून्य विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एका विवरणाला जास्तीत जास्त ५००. रक्कम छोटी वाटते, पण महिने साचतात. म्हणून अर्ज कुणाकडूनही भरा, मोबाईल, ईमेल आणि पासवर्ड तुमचाच ठेवा. ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे.

जीएसटी नोंदणीला सरकारी फी शून्य आहे. उद्यम नोंदणीलाही. द्याल ते पैसे फॉर्म भरणाऱ्याच्या मेहनतीचे. अमेरिकेतही धंद्याचा नऊ अंकी कर नंबर सरकार फुकट देतं, आणि त्याचे पैसे घेणाऱ्या वेबसाइट तिथंही आहेतच.

अर्जाला जागेचा पुरावा लागतो. गावात लाइट बिल बहुतेक वडिलांच्या नाहीतर चुलत्यांच्या नावावर असतं. चालतं, फक्त त्यांचं संमतीपत्र जोडा.

जीएसटी नको असेल तर पॅन, उद्यम आणि शॉप ॲक्टची पावती एवढ्यावर दुकानाच्या नावानं चालू खातं उघडता येतं. आणि जीएसटी घेतलाच, तर प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावा आणि नंबर बोर्डावर लिहा, तसा नियमच आहे. पेंटरला सांगताना मात्र पंधराही अक्षरं कागदावर लिहून द्या. माझ्या पहिल्या बोर्डावर चौदाच होती.