गिअरपेटीतील वेगसंवेदक : दोषाची पारख आणि दुरुस्तीची शिस्त

रस्त्याचे भराव, तलावांतील गाळ, खडी व मुरमाची हलवाहलव ही कामे आज बव्हंशी यंत्रांवर अवलंबून आहेत. पावसाळा तोंडावर आला असता लोडर किंवा मोटर ग्रेडर अडून बसला, तर केवळ एका दिवसाचे काम बुडत नाही; पुढील सारे वेळापत्रक कोलमडते. इंजिन सुरळीत चालू असते, परंतु गिअर बदलत नाहीत, अथवा यंत्र एकाच गिअरमध्ये रखडत चालते. चालकासमोरील फलकावर दोषाचा सांकेतिक अंक दिसतो.

अशा वेळी बहुधा दोन टोकांचे निर्णय घेतले जातात. काही ठिकाणी संपूर्ण गिअरपेटी उतरविली जाते, तर काही ठिकाणी अंक वाचताच नवा वेगसंवेदक मागविला जातो. पहिल्या निर्णयाने काम दीर्घकाळ थांबते. दुसरा वरकरणी स्वस्त वाटतो. पण नवा भाग बसवूनही दोष कायम राहिला, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात. आधी मोजमाप व मग बदल, हाच यावरील उपाय होय.

वेग कसा कळतो ?

आधुनिक लोडरमध्ये गिअर बदलण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे क्लच असतात आणि ते केव्हा जोडावयाचे व केव्हा सोडावयाचे, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. त्यासाठी त्याला निरनिराळ्या भागांचा वेग ठाऊक असावा लागतो. उदाहरणार्थ, जर्मनीतील झेडएफ कंपनीच्या अनेक लोडरांत आढळणाऱ्या डब्ल्यूजी मालिकेच्या गिअरपेटीत इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरचे टर्बाइन, मधली दंतचक्रमालिका आणि बाहेर पडणारा दंड अशा चार ठिकाणी वेग मोजला जातो.

संवेदक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. दंतचक्राचा दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले हे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतही पट्टीचुंबक व वेटोळे घेऊन सहज दाखविता येते. दुसरा प्रकार एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला आहे. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते, आणि चक्र अत्यंत सावकाश फिरत असले तरी तो स्पष्ट स्पंद देतो.

दोन्ही प्रकारांत हिशेब सारखाच आहे. दातांची संख्या आणि दर मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराला ६० ने भागले, की दर सेकंदाचे स्पंद मिळतात. ६० दातांचे चक्र मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ६०० स्पंद आले पाहिजेत. एवढे त्रैराशिक येणाऱ्यास संवेदकाची परीक्षा करणे कठीण नाही.

अंक काय सांगतो आणि काय सांगत नाही

अवजड वाहने व यंत्रे यांच्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली जे-१९३९ ही प्रमाणपद्धती अनेक उत्पादक वापरतात. तीत १९१ हा अंक गिअरपेटीतून बाहेर पडणाऱ्या दंडाचा वेग दर्शवितो, तर १६१ हा आत येणाऱ्या दंडाचा. सोबतचा दुसरा अंक दोषाचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा अधिक, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे प्रवाह कमी किंवा मंडल तुटलेले आणि २ म्हणजे संदेश अनियमित.

'१९१ व ५' अशी नोंद आली, तर बाहेरील दंडाच्या वेगमंडलात कोठेतरी खंड पडला आहे, इतकाच तिचा अर्थ होतो. तो खंड संवेदकात असेल, तारेत असेल किंवा जोडणीच्या गंजलेल्या पिनेत असेल. अंक रस्ता दाखवितो, घर दाखवीत नाही. येथेच अनेकांची फसगत होते.

तपासणीचा क्रम

प्रथम यंत्र सपाट जागी उभे करून बादली जमिनीवर टेकवावी, चाकांना अडण्या लावाव्यात आणि सांध्यावर वळणारे यंत्र असल्यास सांध्याची सुरक्षा-पट्टी बसवावी. त्यानंतर पुढील क्रम पाळावा.

१. डोळ्यांनी पाहणी : जोडणी उघडून पाणी, गंज, वाकलेल्या पिना आणि घासलेल्या तारा पाहाव्यात. जोराच्या पाण्याने यंत्र धुतल्यानंतर दोष उद्भवला असेल, तर जोडणीवर प्रथम संशय घ्यावा.

२. वेटोळ्याचा रोध : चावी बंद ठेवून व जोडणी सोडवून मल्टिमीटरने दोन तारांमधील रोध मोजावा आणि तो उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. हॉल प्रकारच्या संवेदकाला मात्र ही चाचणी लावू नये. तेथे चावी चालू करून वीजपुरवठा व भूजोडणी तपासावी.

३. तारा : संवेदकापासून नियंत्रकापर्यंत प्रत्येक तार अखंड आहे काय, ती यंत्राच्या सांगाड्याला टेकते काय, हे पाहावे. मापन चालू असता तारांचा जुडगा हलवावा. आकडा उड्या मारू लागला, तर दोष तेथेच आहे.

४. स्पंद : चक्र फिरत असता स्पंद मोजावेत. संवेदकापाशी ते योग्य येत असून फलकावर शून्य दिसत असेल, तर संवेदक निर्दोष आहे. दोष पुढे आहे.

५. अंतर आणि टोक : चुंबकीय संवेदक दातापासून दूर गेला की त्याचा संदेश क्षीण होतो आणि कमी वेगात तो लुप्त होतो. संवेदक काढल्यावर त्याचे टोक पाहावे. बारीक काळसर लेप पुसून टाकता येतो. परंतु धातूचे तुकडे चिकटलेले असल्यास दंतचक्र, बेअरिंग वा क्लच यांची झीज होत आहे, असे समजून तेल व गाळणी तपासल्याशिवाय यंत्र चालवू नये.

शून्याचा अर्थ

फलकावरील शून्य म्हणजे नेहमीच बिघाड नव्हे. ब्रेक लावून गिअर जोडला असता टर्बाइन थांबते; त्या वेळी त्याचा वेग शून्य असणे हेच बरोबर. उलट, यंत्र चालू असता बाहेरील दंडाचा वेग क्षणार्धात शून्यावर येऊन लगेच पूर्ववत झाला, तर तो विजेचा दोष समजावा. कित्येक टनांचे यंत्र एका क्षणात थांबून पुन्हा धावू शकत नाही. भार वाढताच टर्बाइन आणि बाहेरील दंड यांच्या वेगांचे ठरलेले प्रमाण हळूहळू बिघडत गेले, तर मात्र क्लच खरोखर घसरत असण्याचा संभव आहे. अशा वेळी संवेदक बदलणे निरर्थक ठरेल.

दोष सापडला नाही म्हणून तारा परस्पर जोडून नियंत्रकाला चकविणे, हा प्रकार कदापि होऊ देऊ नये. वेगाची खोटी माहिती मिळालेला नियंत्रक उतारावर भलताच गिअर जोडू शकतो, आणि तेव्हा प्रश्न खर्चाचा न राहता चालकाच्या व आसपासच्या मजुरांच्या जिवाचा होतो. यंत्रावर विजेची जोडकामे करण्यापूर्वी बॅटरी व नियंत्रक यांच्या जोडण्या सोडविणेही तितकेच आवश्यक आहे.

कार्यालयाने काय मागावे ?

दुरुस्तीला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि यंत्र भाड्याने घेणाऱ्या ग्रामपंचायतीला तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. दुरुस्तीच्या प्रस्तावासोबत पाच गोष्टींची नोंद मागितली तरी पुरे : दिसलेला अंक, तो कोणत्या स्थितीत दिसला, मोजलेला रोध किंवा व्होल्टेज, पुस्तिकेतील अपेक्षित आकडा आणि काढलेल्या भागाची अवस्था. यंत्राच्या नोंदवहीत ही माहिती राहिली, तर पुढील वेळी येणाऱ्या कारागिराला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागत नाही. भाड्याच्या करारात बंद पडलेल्या तासांचा हिशेब कसा होईल, हेही आधीच लिहून घेणे हिताचे. बंद काळातील भाडे कोणी सोसावयाचे, हा वाद काम अडल्यानंतर मिटविणे अवघड असते.

तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी हा विषय वर्गात अवश्य घ्यावा. एक चुंबक, एक वेटोळे, एक दंतचक्र आणि एक मल्टिमीटर एवढ्या साहित्यात विद्यार्थ्याला अनुमान व मोजमाप यांतील फरक शिकविता येतो. हा फरक समजलेला कारागीर नवा भाग मागविण्यापूर्वी जुना भाग खरोखर सदोष आहे काय, हे तपासून पाहतो, आणि कित्येकदा एक गंजलेली पीन साफ करून यंत्र त्याच दिवशी कामावर परत पाठवितो.