चुंबकीय द्रवातील बुडबुडा

चुंबक लोखंडाला ओढतो, हवेला ओढताना दिसत नाही, हे पाचवीतला विद्यार्थीही सांगेल. तरीही एका विशिष्ट द्रवात हवेचा बुडबुडा चुंबकापासून दूर पळतो. आम्ही इतिहास शिकविणारे. घटनेमागचा कर्ता कोण, हे विचारण्याची आम्हांस सवय. येथे कर्ता बुडबुडा नव्हे, त्याच्या भोवतीचा द्रव आहे.

हा द्रव १९६३ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केला. भारहीन अवस्थेत रॉकेटचे इंधन टाकीत इतस्ततः तरंगते. ते चुंबकाने ओढून पंपाच्या तोंडाशी आणावे, हा हेतू होता. त्यासाठी मॅग्नेटाइट हे लोहखनिज इतके बारीक दळावयाचे, की कण सुमारे १० नॅनोमीटरचे व्हावेत. ते एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांवर ओलिक आम्लाचा लेप चढवून ते रॉकेलसारख्या द्रवात मिसळावयाचे. इंधनाची योजना मागे पडली. द्रव मात्र टिकला.

आता बुडबुड्याकडे वळू. पाण्यात तो वर का येतो? पृथ्वी पाण्याला खाली ओढते, त्यामुळे खोलीबरोबर दाब वाढतो आणि तो दाब बुडबुड्याला वर ढकलतो. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच. चुंबकीय द्रवात पृथ्वीचे हे काम चुंबकही करतो. जेथे क्षेत्र तीव्र, तेथे द्रव ओढला जाऊन दाब वाढतो आणि बुडबुडा क्षीण क्षेत्राकडे सारला जातो. भांड्याखाली चुंबक ठेवल्यास तो अधिक जोराने वर लोटला जातो. पुरेसा प्रबळ चुंबक वरून धरल्यास त्याचे वर येणेच थांबते.

क्षेत्र सर्वत्र सारखे असेल, तर बुडबुडा कोणत्याच बाजूस ढकलला जात नाही, पण त्याचा आकार बदलतो. पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो, क्षेत्र आपल्या दिशेत ताणते. या ओढाताणीत तो तांदळाच्या दाण्यासारखा लांबट होतो. क्षेत्राच्या दिशेत एकामागे एक असलेले दोन बुडबुडे परस्परांकडे ओढले जातात, तर शेजारी-शेजारी असलेले दूर सरतात. ही मौज पाहणे मात्र सोपे नाही. द्रव शाईसारखा काळा. म्हणून दोन काचांमधील पातळ थरात किंवा क्ष-किरणांनीच बुडबुडे न्याहाळावे लागतात.

याचे खरे मोल अंतराळात आहे. अंतराळ स्थानकावर श्वासासाठीचा ऑक्सिजन पाण्याच्या विद्युत अपघटनातून मिळतो. भारहीन अवस्थेत बुडबुडे वर येत नाहीत; ते विद्युतअग्राला चिकटून बसतात आणि क्रिया मंदावते. फिरत्या यंत्रांनी वायू वेगळा करता येतो, परंतु त्यांना वीज लागते व देखभालही. चुंबकाला दोन्ही नकोत. जर्मनीतील ब्रेमेन येथील मनोऱ्यात मिळणाऱ्या सुमारे ९ सेकंदांच्या भारहीनतेत निओडिमियम चुंबकाने बुडबुडे इष्ट दिशेने नेता येतात, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. त्यांसाठी काळा द्रवही लागला नाही. साध्या पाण्याला चुंबक किंचित दूर लोटतो. म्हणून पाण्यातील बुडबुडा, उलट, चुंबकाकडेच येतो.